करपलेल्या पातेल्याचं चित्र: एडीएचडी, स्वतःबद्दलचं मत आणि एक चित्रकलेची वही

२०२४ मध्ये मल्याळम अभिनेते फहाद फासिल यांनी एका कार्यक्रमात सांगितलं, की त्यांना एडीएचडी असल्याचं निदान वयाच्या ४१व्या वर्षी झालं. त्याच वर्षी आलिया भट्टनेही मुलाखतीत आपल्याला एडीएचडी असल्याचं सांगितलं. तेव्हापासून हा शब्द घरोघरी पोचलाय. ऑफिसात डबा खाताना कुणी ना कुणी म्हणतंच, "मलाही तेच असणार बहुतेक."

चर्चा असते ती लक्ष न लागण्याची, हरवलेल्या किल्ल्यांची, वर्गात एका जागी न बसणाऱ्या मुलांची. पण ज्यांना मोठेपणी निदान झालं त्यांना विचारून बघा, सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला. किल्ल्यांचा विषय फारसा निघणार नाही. ‘आपण बिनकामाचे आहोत’ हे जे मत वर्षानुवर्षं मनात घर करून बसलं, त्याबद्दल ते बोलतील. मला निदान झालं तेव्हा मी ३६ वर्षांची होते. गोळ्या सुरू झाल्या, कामं हळूहळू मार्गी लागायला लागली, पण ते मत जागचं हललं नव्हतं. त्याला पहिला धक्का बसला तो एका साध्या चित्रकलेच्या वहीत.

एडीएचडी असलेले कितीतरी लोक चित्रांतून, व्यंगचित्रपट्ट्यांतून, मातीतून, शिवणकामातून हीच गोष्ट मांडताना दिसतात. ते असं का करतात, त्याने काय होतं आणि काय होत नाही, हे इथे सोपं करून सांगते. मी डॉक्टर नाही. जगलेलं आणि वाचलेलं सांगतेय.

नाव फसवं आहे

एडीएचडी म्हणजे अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर. नावावरून वाटतं की लक्ष कमी आणि चंचलता जास्त. खरं तर लक्ष कमी नसतं, लक्षावर ताबा कमी असतो.

ज्या घरात पाण्याची टाकी नाही असं घर डोळ्यांसमोर आणा. नळाला पाणी येतं, कधी कधी धो धो येतं, पण कधी येईल ते आपल्या हातात नसतं. पहाटे तीनला आलं तर तीनला उठून हंडे भरायचे. सकाळी आठला पाहुणे दारात उभे आणि नळ कोरडा, तर काही इलाज नाही. शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर मात्र टाकी आहे. त्यांच्याकडेही त्याच पाइपातून पाणी येतं, पण ते साठवून ठेवतात आणि हवी तेव्हा तोटी फिरवतात. तुमच्या घरी सकाळी पाणी नाही याचं त्यांना मनापासून नवल वाटतं. "अहो, रात्री तर धो धो येत होतं की!" हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मेंदूत ही टाकी-तोटीची व्यवस्था ज्या क्षमता बघतात त्यांना कार्यकारी क्षमता म्हणतात. काम सुरू करणं, क्रम लावणं, चार गोष्टी एकाच वेळी मनात धरून ठेवणं, किती वेळ लागेल याचा अंदाज, नको तिथे थांबणं. एडीएचडीत बुद्धी जागेवर असते, अडतं ते इथे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २००७ मध्ये मुलांच्या मेंदूच्या स्कॅनचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. मेंदूच्या बाहेरच्या थराचा निम्मा भाग पूर्ण जाडीला पोचायला इतर मुलांना साधारण साडेसात वर्षं लागत होती, एडीएचडी असलेल्यांना साडेदहा. वाढीचा क्रम बहुतांशी तोच, फक्त तीन वर्षं उशीर. जगभरातल्या अभ्यासांवरून मुलांमध्ये हे प्रमाण शेकडा पाचच्या आसपास आणि मोठ्यांमध्ये अडीचच्या आसपास धरलं जातं. जुळ्यांच्या अभ्यासांवरून आनुवंशिकतेचा वाटा साधारण ७४ टक्के निघतो. म्हणजे मोबाइल किंवा आईचे लाड हे त्याचं मूळ नव्हे.

आणि दोन आठवडे किल्ल्या हरवल्या म्हणून एडीएचडी ठरत नाही. लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून असावी लागतात, घर, शाळा, नोकरी अशा एकाहून जास्त ठिकाणी दिसावी लागतात, आणि त्यांनी जगणं खरोखर अडत असावं लागतं.

शेरा मुरतो कसा

माझं चौथीचं प्रगतीपुस्तक आईने जपून ठेवलंय. शेऱ्याच्या रकान्यात निळ्या शाईत लिहिलंय: ‘हुशार आहे. पण लक्ष देत नाही.’ सहावीत: ‘आळस सोडल्यास प्रगती होईल.’ लिहिणाऱ्या बाई वाईट नव्हत्या. त्यांना दिसलं ते त्यांनी लिहिलं. पण दहा वर्षांच्या मुलीने त्यातून घेतलेला अर्थ असा होता, की मला करता येतं आणि मी मुद्दाम करत नाही.

एडीएचडीतली सगळ्यात घातक गोष्ट हीच. रोज जमत नसतं तर लोकांनी समजून घेतलं असतं. पण परवा जमलेलं असतं! परवा एका बैठकीत चाळीस गणितं सोडवली, आज चार सुटत नाहीत. मग टाकीवाले शेजारी म्हणतात, "रात्री तर धो धो येत होतं की!" आणि काही वर्षांनी आपण स्वतःही स्वतःला तेच म्हणायला लागतो. ‘जमत नाही’चं ‘करत नाही’ होतं, आणि ‘करत नाही’चं ‘मी अशीच आहे’. लोणचं जसं बरणीत मुरतं, तसा शेरा आत मुरतो. मग तो कुणी दिला होता तेही आठवत नाही, आपलाच आवाज वाटतो.

विज्ञानाची सुरुवातही शेऱ्यानेच झाली होती. १९०२ मध्ये लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांवर व्याख्यानं दिली, ती आजही या विषयातली महत्त्वाची नोंद मानली जातात. त्यांनी या अवस्थेला नाव दिलं होतं, ‘नैतिक नियंत्रणातला दोष’. एवढ्या मोठ्या डॉक्टरांना जर हा स्वभावाचा दोष वाटला, तर चौथीच्या बाईंना काय बोलणार?

इथे एक फरक सांगायला हवा. आत्मविश्वास म्हणजे ‘हे मला जमेल’. आत्मसन्मान म्हणजे ‘हे जमलं नाही तरी मी धड माणूस आहे’. आत्मसन्मान मोजायला मॉरिस रोझेनबर्ग या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये दहा विधानांची एक प्रश्नावली बनवली, ती आजही वापरतात. एडीएचडी असलेल्या प्रौढांचे गुण अशा मोजणीत इतरांपेक्षा कमी येतात, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. लहान मुलांचं चित्र मात्र सरळ नाही. काही मुलं उलट स्वतःला आहे त्याहून जास्त चांगलं समजतात, ‘मला सगळं येतं’ असं ठासून सांगतात. संशोधकांपैकी काहींना ते स्वतःला सांभाळायला घातलेलं चिलखत वाटतं. मलाही तसंच वाटतं.

इंटरनेटवर एक आकडा फिरतो, की एडीएचडी असलेलं मूल बारा वर्षांचं होईपर्यंत इतरांपेक्षा २०,००० जास्त वेळा बोलणी ऐकतं. हा एका डॉक्टरांचा अंदाज आहे, मोजून काढलेला आकडा नाही. तो मोजलेला म्हणून पुढे पाठवू नये. बोलणी जास्त बसतात हे सांगायला त्याची गरजही नाही.

मुलींचं आणखी वेगळं. त्या वर्गात उड्या मारत नाहीत, खिडकीबाहेर बघत बसतात. त्यामुळे त्रास कुणाला होत नाही आणि लक्षातही कुणाच्या येत नाही. बालपणी निदान झालेल्यांत मुलगे मुलींच्या दुपटीच्या आसपास असतात, मोठेपणी ही दरी बरीच कमी होते. मधली वर्षं त्या मुली ‘वेंधळी’ या नावाने काढतात.

बोलून सांगता येत नाही का?

येतं. पण अडचण अशी, की स्वतःबद्दल बोलायला माझ्याकडे जे शब्द आहेत ते सगळे रागावणाऱ्यांकडून आलेले आहेत. वेंधळी, धांदरट, विसरभोळी, आळशी, बेफिकीर. यातला एकही शब्द नुसती घटना सांगत नाही. प्रत्येकाच्या पोटात निकाल आहे. मी समजूत काढून घ्यायला तोंड उघडलं, तरी त्याच शब्दांत स्वतःला आणखी एकदा रागावून मोकळी होते.

रेघेच्या पोटात निकाल नसतो. हे मला कळलं ते दुधाच्या पातेल्यामुळे.

दूध करपणं ही माझ्या ओट्यावरची नेहमीची गोष्ट. एका रात्री अकराच्या सुमाराला पातेलं घासायला घेतलं. बुडाला काळा थर, त्यावर तपकिरी कडं, आणि वर दूध जिथपर्यंत चढलं होतं तिथे पांढरी वाळकी रेष. हातात तारेची घासणी होती, मनात नेहमीची टकळी सुरू होती. निदान करून देणाऱ्या डॉक्टर म्हणाल्या होत्या, की जमेल तेव्हा काही काढत जा. म्हणून घासणी ठेवली आणि भाचरासाठी आणून ठेवलेल्या वहीत ते पातेलं काढलं. खालचा काळा थर पेन्सिल आडवी धरून गिरवत गेले. सवयीने खाली लिहिलं, ‘वेंधळी’. मग बघत बसले. वर एक पातेलं होतं. वाकडं आलं होतं, पण पातेलंच होतं. खालच्या शब्दाचा त्याच्याशी काही संबंध लागेना.

पुढच्या आठवड्यात दूध पुन्हा करपलं. या वेळी चार चौकटी आखल्या. पहिलीत गॅसवर दूध, मी समोर उभी. दुसरीत दाराची बेल, कुरिअरवाला. तिसरीत मी खोक्याची चिकटपट्टी काढायला कात्री शोधतेय, खण उघडलाय, खणात बाबांचं जुनं घड्याळ सापडलंय. चौथीत वास. चारही चौकटी नीट तपासल्या. कामचुकारपणा कुठे होता? पहिल्या चौकटीत मी दुधासमोर उभी होते, दुसरीत दार उघडत होते, तिसरीत काम करत होते. आळस कुठल्याच चौकटीत सापडला नाही.

मी बराच वेळ रडले, ते त्या तिसऱ्या चौकटीमुळे.

कागदावर आल्याने नक्की काय बदलतं

मानसोपचारात याला बाह्यीकरण म्हणतात. म्हणजे जी अडचण ‘मी’ला चिकटून बसलीय ती उचलून समोर ठेवायची. ऑस्ट्रेलियातले मायकेल व्हाइट आणि न्यूझीलंडचे डेव्हिड एप्स्टन यांनी यावर समुपदेशनाची एक पद्धतच उभी केली. माणूस म्हणजे अडचण नव्हे, अडचण ही स्वतंत्र गोष्ट आहे, हा तिचा पाया. चष्मा नाकावर असताना त्याच्या काचेवरचा डाग सगळ्या जगावर पडलेला दिसतो. चष्मा काढून हातात घेतला की कळतं, डाग काचेवर आहे. चित्र हे चष्मा हातात घेण्याचं काम करतं.

दुसरा भाग क्रमाचा. एडीएचडीत मधल्या पायऱ्या मनात टिकत नाहीत, म्हणून आठवतं ते फक्त शेवटचं: करपलेलं पातेलं, चुकलेली बस, ओरडणारे साहेब. आपल्या आयुष्याच्या आठवणीत चौथ्या चौकटीच तेवढ्या साठतात. चौकटी आखून मागे गेलं की पहिल्या तीन सापडतात.

तिसरा भाग शरीराचा. चित्र हे औषधासारखं वापरण्याची कल्पना जुनी आहे. ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल क्षयरोगाच्या आरोग्यधामात पडून असताना चित्रं काढून सावरले, इतर रुग्णांनाही त्यांनी शिकवलं आणि १९४२ मध्ये या प्रकाराला कलोपचार या अर्थाचं नाव दिलं. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी ३९ प्रौढांना ४५ मिनिटं माती, मार्कर आणि कोलाजचं सामान देऊन बसवलं. आधी आणि नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, मोजलं. सुमारे ७५ टक्के लोकांत ते उतरलं होतं. चित्रकलेची सवय असलेले आणि नसलेले यांत फरक पडला नाही. हे लोक एडीएचडीचे रुग्ण म्हणून निवडलेले नव्हते आणि तुलनेला दुसरा गटही नव्हता, त्यामुळे यावर इमले बांधू नयेत. पण ‘चित्रकला येत नाही, मला काय उपयोग’ म्हणणाऱ्यांना यातला शेवटचा भाग सांगण्यासारखा आहे.

कोण काय काढतं

व्यंगचित्रपट्टी हा प्रकार एडीएचडीवाल्यांनी अगदी आपलासा केलाय. २०१८ च्या डिसेंबरात डॅनी डोनोव्हन या अमेरिकन तरुणीने एक साधी आकृती ट्विटरवर टाकली. इतर लोक गोष्ट सांगतात तेव्हा सुरुवातीपासून शेवटापर्यंत एक सरळ बाण. एडीएचडीवाले सांगतात तेव्हा बाण आडवळणांनी, फाट्यांनी भटकत जातो. एवढंच. हजारो लोकांनी ती पुढे पाठवली, कारण आयुष्यभर "मुद्द्यावर ये" ऐकलेल्यांना आपला रस्ता पहिल्यांदा नकाशावर दिसला. पट्टी छोटी असते, एका बैठकीत संपते, आणि चौकटींमुळे क्रम आपोआप लागतो. कंटाळा यायच्या आत हातात काहीतरी पुरं झालेलं असतं.

आपल्याकडे मला ठिपक्यांची रांगोळी या कामाला फार जवळची वाटते. एडीएचडीत सुरुवात करणं सगळ्यात जड जातं, कोरा कागद छातीवर बसतो. ठिपक्यांनी तो प्रश्न सुटतो. पंधरा ते आठ मांडले की पुढची रेघ कुठे न्यायची ते समोर दिसतं. वीस मिनिटांत होते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सडा घालताना ती पुसलीच जाणार असते, त्यामुळे ‘जपून का नाही ठेवलंस’ हा प्रश्न उरत नाही.

गोधडीचंही तसंच. माझी आजी जुन्या लुगड्यांचे तुकडे लावून गोधड्या शिवायची. धावदोऱ्याच्या ओळी, एकीचं दुसरीशी जमलंच पाहिजे असं नाही. चार टाके घालून ठेवलं, आठ दिवसांनी पुन्हा हातात घेतलं तरी काही बिघडत नाही. अर्धवट राहिलेल्या कामांची आयुष्यभर लाज वाटलेल्या माणसाला अर्धवट ठेवायची मुभा असलेलं काम मिळणं ही मोठी गोष्ट आहे. अर्धवट सोडलेली माझी स्वेटरं, ब्लाउज, भरतकामं मी एका खोक्यात लपवून ठेवली होती. गेल्या वर्षी त्यांचेच तुकडे कापून एक आसन शिवलं. ते सरळ नाही. त्यावर बसून मी हे लिहितेय.

"पण मला चित्र कुठे येतं?"

महाराष्ट्रातल्या बहुतेकांच्या मनात हा प्रश्न एलिमेंटरी-इंटरमिजिएटपासून आहे. कला संचालनालयाच्या या ग्रेड परीक्षांनी गावोगावच्या मुलांना वॉटरकलर, स्थिरचित्र, संकल्पचित्र शिकवलं, हे त्यांचं ऋण मोठं आहे. पण ए, बी, सीच्या त्या पाटीने कित्येकांचा ब्रश कायमचा खाली ठेवला हेही खरं. मला एलिमेंटरीत सी मिळाली. स्मरणचित्रात सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, आणि मी सगळा वेळ एका चाकाचे आरे काढण्यात घालवला. माणसं काढायची राहूनच गेली.

इथे ग्रेड नाही. काडीची माणसं चालतात. वाटीभोवती पेन्सिल फिरवून काढलेलं पातेलं चालतं. तेही नको असेल तर भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकोनात रोज एक रंग भरा: आज दिवस जसा गेला तसा. महिन्याच्या शेवटी दिसेल की ‘माझे सगळेच दिवस वाया जातात’ हे खरं नाही. लाल चौकोन किती आणि बाकीचे किती, ते मोजता येईल.

"एडीएचडीवाले जात्याच कलाकार असतात ना?"

ही समजूत गोड आहे आणि मला तिची भीती वाटते. एका विटेचे किती उपयोग सुचतात, अशा चाचण्यांत एडीएचडीची थोडीबहुत लक्षणं असलेल्यांना जास्त आणि वेगळं सुचतं, असं काही अभ्यासांत आलंय. पण २०२० मधल्या एका मोठ्या आढाव्यात प्रत्यक्ष निदान झालेल्यांबाबत तसं ठामपणे म्हणता आलं नाही. गोळ्यांनी कल्पनाशक्ती मरते, या लोकप्रिय भीतीलाही पक्का आधार मिळाला नाही.

‘ही तर दैवी देणगी’ म्हटलं की मुलाच्या प्रगतीपुस्तकात आणखी एक शेरा वाढतो. गणितात नाही, निदान चित्रात तरी चमक! २००७ मध्ये वाचनदोष असलेल्या मुलावरचा हिंदी चित्रपट आला, त्यात शेवटी तो मुलगा चित्रस्पर्धा जिंकतो. त्या चित्रपटाने पालकांचे डोळे उघडले, त्याबद्दल आदरच आहे. (वाचनदोष आणि एडीएचडी या वेगळ्या गोष्टी आहेत, काही मुलांत दोन्ही असतात.) पण स्पर्धा न जिंकणाऱ्या मुलाचं काय? माझं म्हणणं एवढंच, की ज्याची चित्रं कुठेच लागणार नाहीत, त्यालाही ती काढायचा तितकाच अधिकार आहे.

"मग चित्रांनी एडीएचडी बरा होतो?"

नाही. इथे कुणाची दिशाभूल नको. मूळ लक्षणांवर सगळ्यात भक्कम पुरावा औषधांचा आहे. मिथाइलफेनिडेट हे त्यातलं प्रमुख औषध १९४४ मध्ये तयार झालं आणि १९५४ पासून रिटालिन या नावाने बाजारात आलं. ज्या रसायनशास्त्रज्ञाने ते बनवलं त्याने बायकोच्या, रिटाच्या, नावावरून हे नाव दिलं. आपल्याकडे ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही, मिळूही नये. त्याच्या जोडीला विचार-वर्तन उपचार, पालकांचं प्रशिक्षण, दिनक्रमाची घडी. एडीएचडीवरच्या कलोपचाराचे अभ्यास अजून लहान आणि थोडे आहेत.

म्हणून वाटणी अशी करावी: टाकी आणि तोटीचं काम डॉक्टरांकडे. इतकी वर्षं नळ कोरडा होता म्हणून स्वतःला जे बोलून घेतलं, त्यासाठी वही.

आणि वहीतही एक धोका आहे. काही दिवस चित्रं त्याच त्या जागी गोल फिरतात, रोज जास्त काळी होत जातात, स्वतःला इजा करण्याचे विचार त्यांत यायला लागतात. तेव्हा वही बंद करून माणसाशी बोलायचं. केंद्र सरकारची टेलिमानस ही फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, क्रमांक १४४१६. चोवीस तास, विनामूल्य, मराठीतही.

"ही सगळी सबब आहे. आमच्या वेळी दोन रट्टे दिले की मुलं सुधारायची."

हा आक्षेप मी माझ्याच घरात ऐकलाय, आणि तो घेणाऱ्या काकांचं माझ्यावर प्रेम आहे. त्यांना मी वही दाखवली. म्हटलं, काका, लाज वाटून पातेलं वाचत असतं तर माझं एकही करपलं नसतं. वीस वर्षं भरपूर लाजले, आणि वीस वर्षं दूध करपलं. चार चौकटी काढल्यावर पहिल्यांदा दिसलं, की घोटाळा दुसऱ्या चौकटीत होतो, बेल वाजते तेव्हा. आता बेल वाजली की आधी हात गॅसच्या बटणाकडे जातो, मग पाय दाराकडे. बटणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका लावलाय. तरी महिन्यातून एकदा करपतंच. कारण कळलं की जबाबदारी संपत नाही, उलट ती नेमकी कुठे घ्यायची ते कळतं. काका वही चाळत राहिले. मग म्हणाले, "तुझ्या आजोबांचंही असंच होतं गं. छत्र्या हरवायचे." आमच्या घरात आजोबांच्या छत्र्यांवर आजवर फक्त हसणं झालं होतं.

कायद्याकडून मात्र फार आधार मिळत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता त्यांत आहेत, एडीएचडी वेगळा नोंदलेला नाही. त्यामुळे फक्त एडीएचडी असलेल्या मुलाला शाळेत किती समजून घेतलं जाईल, हे बरंचसं त्या शाळेवर आणि त्या बाईंवर ठरतं.

दुसऱ्याने काढलेलं चित्र बघताना

घरात कुणी असं काढत असेल तर "वा, छान!" म्हणायची घाई करू नका. छान हाही निकालच आहे. पुरं कर म्हणू नका. नाक चुकलंय म्हणू नका. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर विचारल्याशिवाय मुळीच टाकू नका. कागद लहान द्या, सामान कपाटात न ठेवता डोळ्यांसमोर ठेवा, कारण एडीएचडीत जे दिसत नाही ते नसतंच. आणि विचारायचंच असेल तर चित्रातल्या वस्तूबद्दल विचारा.

माझा भाचा आठ वर्षांचा आहे. त्यालाही एडीएचडी आहे. लिहीत नाही, जागेवर बसत नाही, ही शाळेची तक्रार. दिवाळीच्या सुट्टीत त्याने त्याच वहीत स्वतःचं बाक काढलं आणि बाकावर सात पेन्सिली. मी विचारलं, "यातल्या एकीलाही टोक नाही का रे?"

"नाही."

"का?"

"मावशी, टोक करायला डस्टबिनपाशी उठलो की बाई ओरडतात, जागेवर बस म्हणून. आणि बसलो की लिहिता येत नाही."

पाच महिने तक्रारी येत होत्या. त्याला मनापासून विचारलंही होतं सगळ्यांनी, "का लिहीत नाहीस?" त्यावर तो खांदे उडवायचा. पेन्सिलीबद्दल कुणी विचारलं नव्हतं.

शाळा उघडली त्या दिवशी त्याच्या आईने सहा पेन्सिलींना टोक काढून कंपासपेटीत ठेवल्या. मधल्या सुट्टीपर्यंत चार हरवल्या. दोन पुरल्या.